दिवा पडतो तेवढा तुकडा

"तिला सांग, दिवा पडतो तेवढा तुकडा काढून टाक. बाकी सगळं राहू दे."

पप्पा हे आईला सांगत होते, स्वयंपाकघरात, नळ चालू ठेवून. मी बाहेरच्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरसमोर बसले होते. कानांवर हेडफोन होते, पण त्यांतून काहीच वाजत नव्हतं. हेडफोन घातले की घरातली माणसं मला मोजत नाहीत, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे.

"मग तुम्हीच सांगा ना. इथेच तर बसलीये," आई म्हणाली.

नळ बंद झाला. जरा वेळाने आई ओले हात पुसत बाहेर आली आणि तिने तेच वाक्य जसंच्या तसं मला सांगितलं. मी मान डोलावली. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. पूजेच्या जुन्या टेपमध्ये दिवा पडलेला कोणाला पुन्हा पाहावासा वाटेल?

श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. खानदेशात ती घरोघरी बसते. नारळालाच डोळे, नथ, दागिने घालून चौरंगावर मांडतात, दोन्ही बाजूंना केळीचे खांब उभे करतात, बायका गाणी म्हणतात, आणि सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर जातात. आमच्या घरात तो चौरंग लेकीने उचलायचा असतो. सुनेने नाही, लेकीनेच. आणि चौरंग उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत समई जळत राहिली पाहिजे. दुसऱ्यांच्या घरात काय करतात ते मला ठाऊक नाही, आमच्यात असं आहे.

मी पहिली-दुसरीत असताना धुळ्याला नानांच्या घरी ती समई पडली. नाना म्हणजे पप्पांचे मोठे भाऊ. तेव्हा चौरंग उचलायचा मान आत्याचा होता. ती पप्पांचीही मोठी बहीण, सगळे तिला आक्का म्हणतात. नरडाण्याजवळच्या एका खेड्यात तिचं सासर. ती चौरंग उचलायला गेली आणि समई कलंडली, तेल सांडलं, दिवा विझला. त्याच वर्षी थंडीत आबा, म्हणजे माझे आजोबा, गेले. या दोन गोष्टी एका वाक्यात जोडून बोललेलं मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. पण पुढच्या श्रावणात मोठ्या काकू, म्हणजे नानांची बायको, आत्याला म्हणाल्या, "आक्का, यंदा तू भाजीकडे बघ." तेव्हापासून आत्या भाजीकडे बघते. भाऊबंदांपैकी कोणाची तरी लेक चौरंग उचलते.

यंदा नानांनी ठरवलं की घरची लेक आता मोठी झाली आहे, तिनेच उचलावा. घरची लेक म्हणजे मी.

टेपचं खूळही नानांचंच. समई पडली त्या वर्षी पप्पांनी हौसेने एचडी कॅमेरा घेतला होता, छोट्या कॅसेटवर चालणारा, आणि ती सगळी कानबाई त्यात होती. आबांची शेवटची कानबाई. नाना फोनवर पप्पांशी बोलत नाहीत, ओरडतात. त्यामुळे शेजारच्या खोलीतही मला सगळं ऐकू आलं होतं. "आबा त्या कॅसेटमा शेतस ना? माले आबासले देखानं शे. मोबाइलवर नको धाडू, ते उडी जास. सीडी करी आन." नानांसाठी चपटं, गोल, चकाकणारं ते सगळं सीडी. त्यांच्या टीव्हीखाली एक डीव्हीडी प्लेयर आहे, त्यावर ते रोज पहाटे भजनं लावतात. पप्पा म्हणत होते, "पाहू, मशीन चालतं का ते," आणि नाना म्हणत होते, "तुनी पोर कंप्यूटरवालीच शे ना? ती करी."

मी व्हिडिओ एडिटिंगची लहानसहान कामं घरून करते. क्लासवाल्यांची लेक्चरं, कोणाच्या वाढदिवसाची फिल्म. माणसांशी फार बोलावं लागत नाही, म्हणून ते काम मला जमतं. शाळेत इंग्रजी, घरात मराठी आणि पाहुण्यांत अहिराणी असं वाढल्यामुळे तिन्हींत मी आधी मनातल्या मनात वाक्य तपासते, आणि तपासून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. नाना मला पाहिलं की विचारतात, "हाई पोर मुकी शे, का मनमा इंग्रजी बोलस?" सगळे हसतात. मीही हसते.

कॅमेऱ्याची बॅग कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर, गाद्यांच्या मागे होती. कॅमेरा चालू झाला याचंच मला आश्चर्य वाटलं. कॉम्प्युटरला जोडायची केबल आता कुठे मिळत नाही. जळगावच्या एका फोटो स्टुडिओवाल्याने जुन्या सामानाच्या खोक्यातून शोधून दिली, आणि तसलं भोक असलेला कॉम्प्युटर आमच्याकडे होताच, कारण पप्पा काही फेकत नाहीत.

टेप कॅप्चर करणं म्हणजे फाइल कॉपी करणं नव्हे. टेप जितकी लांब, तितका वेळ ती कॅमेऱ्यात फिरत राहते आणि समोरचा कॉम्प्युटर ते सगळं भरून घेत राहतो. घाई चालत नाही. मी बसून पाहत होते. आबा भिंतीशी खुर्चीत, डोक्यावर टोपी, हातात काठी. नाना काळ्या केसांचे. मोठ्या काकू पुरणाच्या पातेल्यात डाव घालून कॅमेऱ्याकडे बघत, आता काय करायचं ते न सुचून नुसत्याच उभ्या. मी स्वतः, पुढचे दात पडलेली, कोणाच्या तरी मागे लपलेली. आणि आत्या. आत्या त्या टेपमध्ये सारखी बोलत होती. मला हे नवीन होतं. मला माहीत असलेली आत्या फार बोलत नाही.

सोमवारची सकाळ आली आणि नेमकं तिथे चित्र गोठलं. आत्या दारातून आत आली, चित्र थांबलं, चौकोन चौकोन झाले, आणि पुढचं दिसलं ते समई जमिनीवर आणि आत्या तिच्यावर वाकलेली. मधलं गेलं होतं. या प्रकारच्या टेपवर प्रत्येक चित्र वेगळं साठवलेलं नसतं. एक पूर्ण चित्र असतं, आणि त्यापुढची त्याच्या आधाराने उभी असतात. टेपवर धुळीचा एक कण बसला तर एक चित्र जात नाही, सगळा घोळकाच जातो. एका घोळक्याचा अर्धा सेकंद, आणि इथे असे लागोपाठ बरेच गेले होते. काढूनच टाकायचा तुकडा, गेला तर गेला, असं म्हणून मी सोडून देऊ शकले असते. पण कापायचं ते नीट पाहून कापायची मला सवय आहे. मी टेप शेवटपर्यंत गुंडाळली, परत सुरुवातीपर्यंत आणली, कॅमेऱ्याचं हेड साफ केलं आणि तेवढाच भाग पुन्हा घेतला.

या वेळी चित्र थांबलं नाही.

मी ते पाहिलं आणि मला कळलं नाही. मग मी एकेक फ्रेम पुढे सरकवत गेले. आत्या चौरंगापासून दोन पावलं मागे होती. दोन्ही हात कमरेशी, पदर खोचत होती. कॅमेरा मागे मागे सरकत होता, सगळी माणसं चित्रात यावीत म्हणून. आणि चित्राच्या खालच्या बाजूला, सतरंजीवर पडलेली एक काळी रेघ हळूहळू जमिनीवरून उचलली जात होती. ती खिडकीजवळच्या सॉकेटपासून येत होती. समईच्या पायाला वळसा घालून ती कॅमेऱ्याकडे येत होती. रेघ ताणली गेली, सरळ झाली, तिच्यावर खिडकीचा उजेड चमकला, आणि समईचा पाय तिच्यासकट ओढला गेला. आत्याने समई पडताना पाहिली आणि पुढे झेपावून ती धरायला वाकली. आवाजाने बाकीच्यांनी माना वळवल्या, तेव्हा ती वाकलेली होती. सगळ्यांनी एवढंच पाहिलं होतं.

आदल्या रात्री शूटिंग करून बॅटरी संपली होती. म्हणून सकाळी पप्पांनी कॅमेरा चार्जरच्या वायरवर लावला होता. एवढं साधं.

मला वाटलं, पप्पांना किती धक्का बसेल. इतकी वर्षं ज्याचा ठपका बहिणीवर होता ते आपल्या हातून झालं, आणि आपल्याला पत्ताच नाही. त्यांना कसं सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवू लागले. मग लक्षात आलं की आवाज ऐकायचा राहिला आहे, आणि मी हेडफोन जोडले.

कॅमेऱ्याच्या माइकला सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे कॅमेरा धरणारा. बाहेर ढोल होता, बायकांचं गाणं होतं, आणि त्या सगळ्याच्या अलीकडे, अगदी माझ्या कानाशी, पप्पांचा दबका आवाज आला.

"च्... वायर."

मग समई आपटल्याचा आवाज. मग मोठ्या काकू: "आक्का! दिवा पाडी दिधा तू!" मग कोणी तरी "अरे देवा". पप्पांचा श्वास ऐकू येत होता. ते आता बोलतील असं मला वाटलं. प्रत्येक वेळी ते ऐकताना मला वाटलं, आता बोलतील. मग चित्र खाली गेलं. कॅमेरा चालूच आहे हे ते विसरले असावेत. सतरंजी, सांडलेल्या तेलाची कड, आणि एक अनवाणी पाऊल. वाकड्या नखाचा तो अंगठा मी रोज पाहते. अंगठ्याने वायर हळूच बाजूला, सतरंजीच्या घडीखाली सारली. मग तिथे शूटिंग थांबलं; पुढे होतं ते नदीवरून परतल्यावरचं, आबांचं.

मी किती वेळा पाहिलं ते सांगता येणार नाही. आई मागून दोनदा जेवायला हाक मारून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पप्पा एकटे असताना मी त्यांना बोलावलं. "पप्पा, जरा बघा ना," एवढंच म्हणाले आणि हेडफोन त्यांच्या हातात दिले. ते खुर्चीत बसले नाहीत, उभ्यानेच पाहिलं. चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. मला वाटलं दिसलं नसेल, म्हणून मी पुन्हा लावलं. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"तेवढं काढून टाकायला सांगितलं होतं ना?"

मी चित्र मागे नेऊन वायरवर थांबवलं.

"आबा गेले त्या वर्षी," ते म्हणाले. "त्यानंतर काय सांगणार होतो मी? आणि आता आक्काला काही वाटत नाही त्याचं. तिने ते कधीच सोडून दिलंय." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "चहा ठेवायला सांग आईला."

त्यांचा आवाज रोजचाच होता. मला त्याचाच सगळ्यात जास्त धक्का बसला. ते रागावले असते, रडले असते, मला खोटं ठरवलं असतं, तर मला समजलं असतं. मी चहा सांगायला उठून गेले, हेही मला खरं वाटत नव्हतं.

आईला विचारलं तर तिने आधी दाराकडे पाहिलं. "मला कोण सांगतंय काही? पण एवढ्या हौसेने आणलेला कॅमेरा, त्या कानबाईनंतर त्यांनी हात लावला नाही. मला वाटायचं, आबांची आठवण येते म्हणून." मग म्हणाली, "टेप फेकून द्यायची ना मग."

फेकून कशी देतील? तिच्यात आबा होते.

पुढचे काही दिवस मी डीव्हीडी तयार करत होते. हे काम वाटतं तेवढं सरळ नाही. कॅमेऱ्याने एक हजार ऐंशी ओळींचं चित्र घेतलेलं, डीव्हीडीत साधारण त्याच्या निम्म्या ओळी मावतात. एवढं मोठं चित्र लहानात बसवायचं. पहिल्या खेपेला ओळींचा क्रम उलटा पडला आणि नाचणाऱ्या बायकांच्या कडांना कंगव्यासारखे दात आले. तो दुरुस्त केला. आबांचा चेहरा घेऊन सुरुवातीचं पान केलं. गाणी ऐकू यावीत म्हणून आवाज थोडा सारखा केला. आणि दिवा पडतो तेवढा तुकडा मी काढला नाही.

मी तो मोठा करून, सावकाश करून, वायरभोवती गोल काढूनही दाखवू शकले असते. एकदा तसा केलाही, आणि पाहून पुसून टाकला. नानांच्या घरी, सगळ्यांसमोर, माझ्या वडिलांभोवती गोल काढल्यासारखं ते वाटत होतं. मी ठरवलं, जसं आहे तसं ठेवू. ज्यांनी तेव्हा पाहिलं नाही ते आता पाहतील. मला तोंड उघडावं लागणार नाही. हा विचार मला तेव्हा शहाणपणाचा वाटला होता. बनवलेली डीव्हीडी मी कॉम्प्युटरवरच चालवून पाहिली. वायर जरा पुसट झाली होती, पण दिसत होती.

मला कुठे पाहायचं ते ठाऊक होतं म्हणून ती दिसत होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

शनिवारी आम्ही जळगावहून एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला गेलो. मी तुकडा काढला असणार, हे पप्पा धरूनच चालले होते. मी त्यांचं ऐकलं नाही असं आजवर झालेलं नाही.

आत्या आधीच आली होती. रविवारी सकाळी आत नैवेद्याच्या रोटांची गडबड चालू होती, पुरण शिजत होतं, आणि ती मागच्या ओट्यावर भाजीसाठी गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, चिरत बसली होती. मी जाऊन तिच्याजवळ बसले. तिने विळी थोडी सरकवून मला जागा दिली.

"उद्या तू उचलशी ना?" तिने विचारलं.

"हो."

"चांगलं शे. भ्यायचं नई. फक्त आधी पदर खोसी ले, घट्ट." तिचा स्वतःचा पदर कमरेला इतका आवळून खोचलेला होता की लुगड्याला तिथे कायमच्या चुण्या पडल्या होत्या. "मना पदर लागना व्हता त्या दिवशी. माले कळनं बी नई. मी खोसतच व्हती, पन त्यानं टोक लागी गयं समईले." तिने गंगाफळाची फोड कापली. "इतला वरीस मी देखत राहस मनमा. खोसाले जरा उशीर व्हयना."

मला वाटत होतं तिला सगळ्यांनी खोटं ठरवलंय आणि ती गप्प बसलीये. तसं नव्हतं. तिलाही वाटत होतं की तिनेच पाडला. तिने घडलेलंच नाही ते आठवून आठवून पाठ केलं होतं, पदराच्या टोकासकट. पप्पा म्हणाले होते, तिने सोडून दिलंय.

माझ्या तोंडात वाक्य आलं होतं. पण मी म्हटलं, दुपारी ती स्वतःच पाहील. मी सांगण्यापेक्षा तिने पाहिलेलं बरं. मी गंगाफळाच्या बिया गोळा करू लागले.

दुपारी सगळे समोरच्या खोलीत जमले. मी डीव्हीडी लावली. आबा दिसले तेव्हा नाना पुढे सरकून टीव्हीच्या अगदी जवळ बसले. आबा टेपमध्ये म्हणत होते, "अरे, माले काय काढस, देवीले काढ," आणि नाना त्यांच्याबरोबर ओठ हलवत होते. मग ते स्वतः पडद्यावर आले.

"हाऊ कोन हिरो शे?" नानांनी डोळे पुसत विचारलं.

"तुम्हीच," मोठ्या काकू म्हणाल्या. "तवय केस व्हतात."

खोली हसली. आत्याही हसली. ती दाराशी, उंबऱ्याच्या अलीकडे बसली होती, खोलीत पुरती आलेली नव्हती. पप्पा पलंगावर टेकून पाहत होते, निवांत.

सोमवारची सकाळ आली. तुकडा आहे तिथेच आहे, हे पप्पांना त्याच क्षणी कळलं. ते सरळ होऊन बसले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, टीव्हीकडे पाहत राहिले. आत्या दारातून आली. पदर खोचू लागली. कॅमेरा मागे सरकू लागला. मी वायरची वाट पाहत होते.

वायर नव्हतीच.

त्या टीव्हीवर, त्या निम्म्या ओळींत, खिडकीतून येणाऱ्या दुपारच्या उजेडात सतरंजी म्हणजे एक काळपट पट्टा होता. मला ठाऊक असूनही तिथे काही दिसलं नाही. आत्या समईच्या बरोबर मागे येत होती, मधली दोन पावलं कळतच नव्हती; समई कलंडली, आणि आत्या तिच्यावर वाकलेली दिसली. अगदी स्वच्छ. पप्पांचा आवाज ढोलात बुडाला. खाली गेलेलं चित्र नुसता अंधार होतं, आणि ते काय आहे हे कोणी विचारलंही नाही.

"अरे देवा," कोणी तरी म्हणालं. नानांनी हात जोडले.

"देखा, वाकेल शे आक्का," मोठ्या काकू हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना दुष्टपणा करायचा नव्हता. जे दिसलं ते त्या बोलल्या. "मी तवय बी हाईच सांगं व्हतं."

मी काय केलं ते मला तेव्हा दिसलं. इतकी वर्षं लोकांच्या नुसत्या आठवणीत होतं ते मी टीव्हीवर आणून दाखवलं होतं. आता कोणाला शंका उरायचं कारण नव्हतं. आत्याला सोडवायला म्हणून मी जी डीव्हीडी बनवली, तिनेच आत्याला पुन्हा दोषी ठरवलं होतं, आणि ती नानांच्या घरात कायमची राहणार होती.

"हां, मीच," आत्या म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "आते कितला येळा देखशात?" तिने दाराच्या चौकटीला धरलं, उठली आणि आत गेली. भांड्याचा आवाज आला.

मी पप्पांकडे वळले. ते माझ्याकडेच पाहत होते. तो चेहरा मी विसरू शकत नाही. त्यांना हायसं वाटलं होतं. कोणाला दिसलं नाही हे त्यांनाही कळलं होतं, आणि ते इतके मोकळे झाले होते की माझ्याकडे पाहून त्यांनी मान किंचित हलवली, झालं ते झालं असं सांगावं तशी. मग ते नानांना म्हणाले, "पुढे चालू द्या, नाना. पुढे आबांचं आहे अजून."

नाना माझ्याकडे वळले. "पोरी, देखं ना? उद्या पदर नीट खोस. आक्कासारखं नको करू."

सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि उत्तराची वाट कोणीच पाहत नव्हतं. मी नेहमीसारखी मान डोलावेन हे सगळ्यांना माहीत होतं. टीव्हीवर पुन्हा आबा आले होते. आत गॅसवर काही तरी फोडणीला पडलं, आणि त्या आवाजात मी उठून उभी राहिले. वाक्य मनात तपासायला वेळ नव्हता. स्वयंपाकघरापर्यंत पोहोचावं म्हणून मला ओरडावं लागलं, आणि माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही ठाऊक नव्हतं.

"आत्या, तुझा पदर लागला नव्हता! पप्पांच्या कॅमेऱ्याची वायर लागली होती, आणि पप्पांना ते तेव्हाच कळलं होतं."